अनेक यंत्रांचा एक विचार

दिवाळीच्या सुमारास रिसोडच्या बाजारांत सोयाबीनचे ढीग लागूं लागतात. वाशीम जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील हा तालुका. पैनगंगेचें खोरें असलें तरी शेती बव्हंशीं पावसाच्या भरंवशाची. मृगापासून केलेल्या श्रमांचें मोल येथें कांट्यावर ठरतें. माल मोजला जातो, हिशेब होतो, आणि जेथें पूर्वीं नोटा मोजल्या जात, तेथें आतां पुष्कळदां शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाइल वाजतो: रक्कम खात्यांत जमा झाली. परततांना तो हरभऱ्याचें बियाणें घेतो आणि दुकानदाराचे पैसे त्याच मोबाइलवरून चुकते करतो. या देवघेवीस चहाचे दोन घोट घेण्याइतकाहि वेळ लागत नाहीं.

परंतु त्या क्षणभरांत जें घडतें, तें मोठें विलक्षण आहे. शेतकऱ्याचें खातें एका बँकेंत, दुकानदाराचें दुसऱ्या. दोन्ही बँकांचे संगणक रिसोडपासून शेकडों मैल दूर, निरनिराळ्या शहरांत असूं शकतात. त्यांच्या मध्यें २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय या पद्धतीचे संगणक. यांपैकीं कोणाहि एकास सगळ्या व्यवहाराचें संपूर्ण ज्ञान नसतें. प्रत्येकास ठाऊक असतें तें आपल्यापुरतें, आणि दुसऱ्यानें कळविलेलें. मध्येंच तार तुटली, वीज गेली, एखादा संगणक बंद पडला, तर एका खात्यांतून निघालेली रक्कम दुसऱ्यांत न पोंचण्याचा, किंवा एकाच खरेदीचे पैसे दोनदां वळते होण्याचा धोका असतो. ज्याच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न आहे, त्याला ‘यंत्रांत बिघाड झाला असावा’ एवढें उत्तर पुरत नाहीं.

एकमेकांपासून दूर असलेल्या, आपापल्या गतीनें चालणाऱ्या आणि केव्हांहि बंद पडूं शकणाऱ्या अनेक संगणकांकडून एकच काम बिनचूक कसें करून घ्यावें, हा ज्या शास्त्राचा विषय, त्यास वितरित संगणन असें म्हणतात. नांव अवघड आहे; पण त्यामागील विचार गांवगाड्यांत वाढलेल्या कोणाहि जाणत्या माणसास परका वाटूं नये. काम अनेक यंत्रांत वांटून देण्याच्या या विचाराला भारतांत ज्यांनीं मूर्त रूप दिलें, त्यांत अग्रभागीं असलेले डॉ. विजय भटकर हे याच वऱ्हाडचे.

भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजीं मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या लहानशा गांवीं झाला. त्या काळीं वाशीम व रिसोड हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यांतच मोडत असे. वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. म्हणजे मुरंबा आणि रिसोड हीं त्या वेळीं एकाच जिल्ह्याचीं गांवें. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९६५ सालीं पदवी, नंतर बडोद्यास पुढील शिक्षण, आणि १९७२ मध्यें दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची डॉक्टरेट, असा त्यांचा विद्याप्रवास झाला. कोरडवाहू मुलखांतून आलेल्या या अभियंत्याच्या वाट्यास पुढें जें मोठें काम आलें, त्याचें मूळ एका अर्थीं पावसांतच होतें.

पाऊस केव्हां येणार, हा प्रश्न रिसोडच्या शेतकऱ्यास जितका जिव्हाळ्याचा, तितकाच देशाच्या कारभारासहि. त्याचें उत्तर गणितानें काढावयाचें, तर भूभागावर चौकटींचें जाळें कल्पून प्रत्येक चौकटींतील हवेचा दाब, उष्णता, वारा व आर्द्रता यांचे आंकडे घ्यावे लागतात, आणि थोड्या थोड्या वेळानें ते कसे बदलतील याची आकडेमोड पुनःपुन्हा करावी लागते. ही आकडेमोड एवढी अफाट, कीं साध्या संगणकावर उद्यांच्या हवामानाचें उत्तर परवां हातीं यावें. त्यासाठीं महासंगणक हवा. १९८० नंतरच्या दशकांत असे महासंगणक अमेरिकेंत होत, आणि ते परदेशास विकण्यावर तेथील सरकारचे कडक निर्बंध असत. कारण जें यंत्र पावसाचें गणित करतें, तें अण्वस्त्रांचेंहि करूं शकतें. भारतास क्रे कंपनीचा एक महासंगणक मिळाला, तोहि हवामानाच्या कामापुरता, पुष्कळ अटी घालून. त्याहून सामर्थ्यवान् यंत्राचा मार्ग बंदच होता.

या अडचणींतून १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली. सी-डॅक या नांवानें तें पुढें सर्वतोमुखीं झालें. भटकर त्याचे संस्थापक संचालक. तीन वर्षांत देशांतच महासंगणक उभा करावयाचा, ही त्यांच्यावरील कामगिरी. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं या वाटेनें जाणारे ते एकटे नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेंत १९८६ सालींच ‘फ्लोसॉल्व्हर’ नांवाचा अनेक यंत्रांचा संगणक तयार झाला होता, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘अनुपम’ ही मालिका उभी केली.

महासंगणक बांधण्याच्या दोन रीती त्या काळीं डोळ्यांसमोर होत्या. एक रीत अशी, कीं एक-दोन गणक घ्यावेत, पण ते इतके वेगवान् कीं त्यांच्या तोडीचें दुसरें नसावें. त्यांस लागणारे सुटे भाग, त्यांना थंड ठेवण्याची व्यवस्था, सारेंच दुर्मीळ व महाग. दुसरी रीत अशी, कीं बाजारांत मिळणारे साधे गणक पुष्कळसे घ्यावेत, त्यांना एकमेकांशीं जोडावें आणि काम वांटून द्यावें. सोयाबीन सोंगणीस आलें म्हणजे शेतकरी दहा माणसांचें बळ असलेला एकच मजूर शोधीत बसत नाहीं. दहा मजूर लावतो. भटकरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही दुसरी वाट धरली.

येथेंच वितरणाचा पहिला नियम ध्यानांत येतो. पावसाच्या गणितांत प्रत्येक गणकास एकेक चौकट नेमून द्यावी, हें सोपें. पण ढग चौकटीची मर्यादा मानीत नाहीं. रिसोडच्या चौकटीवर येणारा ढग घटकाभरापूर्वीं बुलढाण्याच्या चौकटींत असतो. म्हणून प्रत्येक गणकानें आपला एक टप्पा पुरा झाला, कीं आपल्या सीमेवरचे आंकडे शेजाऱ्यास कळवावे, शेजाऱ्याचे घ्यावे, आणि मगच पुढील टप्प्यास हात घालावा. काम वांटलें, म्हणजे बोलणें वाढलें. गणक कितीहि चलाख असले, तरी निरोप देण्याघेण्यांत त्यांचा वेळ जाऊं लागला, तर दहा मजुरांनीं सोंगणी सोडून बांधावर गप्पा मारीत बसावें तसें होतें.

या दृष्टीनें भटकरांच्या गटानें निवडलेला गणक मोठा सोयीचा होता. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा ‘ट्रान्सप्यूटर’ हा तो गणक. त्याचें वैशिष्ट्य असें, कीं आकडेमोडीच्या यंत्रणेबरोबरच शेजाऱ्यांशीं बोलण्याच्या चार वाटा त्याच्या अंगांतच असत. जणूं चार दिशांस चार दारें असलेलें घर. समजा, असे ६४ गणक आठ-आठांच्या आठ ओळींत मांडले आणि प्रत्येक गणक लगतच्या शेजाऱ्यांशीं जोडला. एका कोपऱ्यांतील गणकाचा निरोप समोरच्या कोपऱ्यांत पोंचावयास १४ टप्पे लागतील. आतां प्रत्येक ओळीचीं दोन्ही टोकें परस्परांस जोडून कडें केलें, उभ्या रांगांचेंहि तसेंच केलें, तर कोठूनहि कोठें जावयास ८ टप्प्यांहून अधिक लागणार नाहींत. गणक तेच, तारा थोड्याच अधिक. पण मांडणी बदलतांच सगळ्या समूहाची गति वाढली. सामर्थ्य सुट्या भागांत जितकें असतें, त्याहून अधिक तें त्यांच्या जोडणींत असतें, हें या शास्त्राचें बीज आहे.

ठरल्या मुदतींत, १९९१ सालीं, ‘परम ८०००’ हा महासंगणक देशापुढें आला. इंग्रजींतील ‘पॅरलल मशीन’ या शब्दांचा संक्षेप आणि संस्कृतांतील ‘परम’, म्हणजे श्रेष्ठ, असा दुहेरी अर्थ त्या नांवांत साधला आहे. प्रथम त्यांत ६४ ट्रान्सप्यूटर होते, आणि २५६ पर्यंत वाढवून सेकंदास सुमारें एक अब्ज आकडेमोडींची गति गांठण्याची सोय होती. प्रत्येक गणकाची स्मृति स्वतःची, वेगळी. दुसऱ्याच्या वहींत डोकावण्याची मुभा कोणासहि नाहीं. जें हवें तें निरोप पाठवून मागावयाचें. गणक परदेशी होते, हें खरें. पण त्यांची जोडणी, त्यांच्यावर चालणारी कार्यप्रणालीची व्यवस्था आणि काम वांटण्याची विद्या ही येथल्या मंडळींच्या बुद्धीची कमाई होती. १९९८ मध्यें ‘परम १००००’ तयार झाला, त्याची गति पहिल्या परमच्या शंभरपट होती.

तथापि वांटणीलाहि मर्यादा आहे, आणि ती १९६७ सालीं जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन अभियंत्यानें दाखवून दिली. समजा, एक काम एकट्या माणसास वीस तासांचें आहे; त्यांतले एकोणीस तास सोंगणीचे, ते वांटतां येतात, आणि एक तास अखेरच्या हिशेबाचा, तो एकानेंच करावा लागतो. एकोणीस मजूर लावले, तर सोंगणी एका तासांत होईल व सारें काम दोन तासांत उरकेल. पण हजार मजूर लावले, तरी तो हिशेबाचा तास कमी होत नाहीं. काम कधींहि वीस पटींहून अधिक वेगानें व्हावयाचें नाहीं. म्हणून संशोधकाचें खरें कौशल्य गणकांची संख्या वाढविण्यांत नाहीं. न वांटतां येणारा भाग शोधून तो लहान करण्यांत आहे. परमसाठीं जुनीं गणितें नव्या पद्धतीनें लिहावीं लागलीं, तीं याच कारणानें.

परमचे गणक एका छताखालीं, एकाच मालकाच्या देखरेखीखालीं होते. रिसोडच्या शेतकऱ्याचे पैसे वळते करणारे संगणक तसे नाहींत. तेथें अंतर आलें, निरनिराळे मालक आले, आणि बिघाड ही नित्याची गोष्ट झाली. येथून वितरित संगणनाचा अधिक कठीण अध्याय सुरू होतो.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी, कीं पैनगंगेस पूर आला आहे. अलीकडच्या व पलीकडच्या तीरावरील दोन वाड्यांना एकाच दिवशीं बांध फोडावयाचा आहे; एकीनेंच फोडला तर घात होईल. निरोप्या पोहून जाणार; तो पोंचेल कीं वाहून जाईल, हें सांगतां येत नाहीं. अलीकडच्यांनीं निरोप धाडला. तो पोंचला, हें पलीकडचें उत्तर येईतों कळणार नाहीं. उत्तर आलें, पण उत्तर पोंचलें, हें पलीकडच्यांस कसें कळावें? त्यासाठीं पुन्हा पोंच, आणि त्या पोंचेची पोंच. कितीहि निरोपे धाडले, तरी दोघांची पूर्ण खात्री कधींच होत नाहीं, हें गणितानें सिद्ध झालेलें आहे.

मग पैशाचा व्यवहार चालतो कसा? युक्ति अगदीं साधी आहे. प्रत्येक व्यवहारास एक स्वतंत्र क्रमांक असतो, पावतीच्या क्रमांकासारखा. उत्तर आलें नाहीं, तर बँकेचा संगणक तोच निरोप त्याच क्रमांकानें पुन्हा पाठवितो. दुसरीकडचा संगणक वही पाहतो: हा क्रमांक अगोदर नोंदला असेल, तर पैसे पुन्हा वळते न करतां तो केवळ ‘झालें आहे’ असें कळवितो. निरोप दहादां गेला, तरी परिणाम एकदांच होतो. मोबाइलवर कधीं कधीं ‘व्यवहार प्रलंबित’ असे शब्द दिसतात, ते यंत्राचें अपयश नसून त्याचा प्रामाणिकपणा आहे. अजून खात्री झाली नाहीं, इतकेंच तें सांगतें. अशा वेळीं अधीर होऊन माणसानें नव्यानें पैसे पाठविले, तर त्या व्यवहारास नवा क्रमांक मिळतो, आणि रक्कम खरोखरच दोनदां जाऊं शकते. म्हणून निकाल कळेपर्यंत थांबावें, हें शहाणपण.

दुसरा प्रश्न काळाचा. दोन संगणकांचीं घड्याळें तंतोतंत जुळत नाहींत. मग आधीं काय घडलें व नंतर काय, हें ठरवावें कसें? लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७८ सालीं दाखविलें, कीं त्यासाठीं घड्याळाची गरज नाहीं. निरोप पाठविला गेल्याशिवाय मिळत नाहीं, एवढें एक सत्य पुरे. प्रत्येक यंत्रानें घटनांना चढते आंकडे द्यावे, आणि दुसऱ्याचा निरोप आला कीं आपला आंकडा त्याच्या पुढें न्यावा. कारण नेहमीं कार्याच्या अगोदरचा क्रमांक घेतें. २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार लॅम्पोर्टना मिळाला, त्यांत या विचाराचा मोठा वांटा आहे.

तिसरा प्रश्न नोंद टिकविण्याचा. एकाच संगणकावर वही ठेवली, तर तो गेला म्हणजे वही गेली. पांचांकडे एकेक प्रत ठेवली, तर पांचांचें एकमत कसें व्हावें? येथें शास्त्रानें जणूं गांवच्या पंचांचाच मार्ग घेतला आहे. पांचांपैकीं तिघांनीं मान्य केलें कीं नोंद पक्की. दोन पंच गैरहजर असले, तरी काम अडत नाहीं. शिवाय कोणतेहि तीन आणि दुसरे कोणतेहि तीन घेतले, तर त्यांत निदान एक पंच दोन्हीकडे असतोच. त्यामुळें मागचा निर्णय विसरून त्याच्या उलट निर्णय होऊं शकत नाहीं. पंच केवळ गैरहजर न राहतां खोटें बोलूं लागला, एकास एक व दुसऱ्यास भलतेंच सांगूं लागला, तर तीनांत एक खोटा पकडतां येत नाहीं. निदान चार असावे लागतात. हा सिद्धांत १९८२ मध्यें लॅम्पोर्ट व त्यांचे दोन सहकारी यांच्या लेखानें प्रसिद्धीस आला. ‘पांचामुखीं परमेश्वर’ ही म्हण श्रद्धेची. तिच्यामागें असें कांटेकोर गणितहि उभें करतां येतें.

यंत्रांनीं परस्परांशीं बोलावयाचें, तर भाषा ठरलेली हवी. भटकरांच्या आवडीच्या विषयांत संगणकावरील भारतीय भाषा हा एक प्रमुख विषय राहिला, आणि त्याचें त्यांच्या मुख्य कार्याशीं नातें आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत भारतीय लिपि संगणकावर आणण्याचें जें काम झालें होतें, तें सी-डॅकमध्यें येऊन ‘जिस्ट’ या नांवानें वाढलें. देवनागरीचा ‘क’, बंगालीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ यांची आकृति वेगळी, पण वर्णमालेंतील स्थान एकच. म्हणून सर्वांस एकच सांकेतिक क्रमांक द्यावा, हा त्या पद्धतीचा गाभा. १९९१ सालीं, म्हणजे परमच्याच वर्षीं, तिला भारतीय मानकाचें रूप मिळालें, आणि जगभर रूढ झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीहि तिच्याच आधाराच्या संकेतावरून घेतली गेली. रिसोडच्या शेतकऱ्यास मोबाइलवर मराठींत निरोप वाचतां येतो, त्यामागें हा जुना खटाटोप आहे.

विज्ञान व अध्यात्म यांचा मेळ आणि शिक्षणाचा प्रसार, हे भटकरांच्या व्याख्यानांचे दुसरे आवडते विषय. सी-डॅकनंतरचा त्यांचा बराचसा काळ शिक्षणसंस्थांत गेला. २०१७ मध्यें ते नालंदा विद्यापीठाचे कुलपति झाले. २००० सालीं पद्मश्री व २०१५ सालीं पद्मभूषण देऊन सरकारनें त्यांचा गौरव केला. अध्यात्माविषयींच्या त्यांच्या मतांशीं सर्वांचा मेळ बसेलच असें नाहीं. पण गणकांच्या जोडणींत आयुष्य घालविलेल्या माणसास भाषांच्या व ज्ञानशाखांच्या जोडणीचा ध्यास लागावा, हें त्याच्या स्वभावाशीं सुसंगतच दिसतें.

२०२४ सालीं पुण्यास ‘अर्क’ आणि नोएडा येथें ‘अरुणिका’ हे हवामानाचे महासंगणक सुरू झाले. अर्काची गति पहिल्या परमच्या एक कोटीपटीहून अधिक. पण त्याच्या पोटांतील व्यवस्था ओळखीचीच आहे: हजारों गणक, प्रत्येकास आपली चौकट, आणि सीमेवरचे आंकडे शेजाऱ्यास कळविण्याचा तोच नित्यक्रम. मोठें यंत्र मिळालें नाहीं, म्हणून लहान यंत्रें जोडावीं लागलीं, ती अडचणींतली वाट आज महासंगणकांचा राजमार्ग झाली आहे.

रिसोडच्या दुकानांत बियाण्याची पिशवी फळीवर ठेवलेली असते. शेतकऱ्यानें पैसे धाडलेले असतात, दुकानदार मोबाइलकडे पाहत असतो. कोठेंतरी एखादा संगणक त्याच क्षणीं बंद पडलेला असेल, एखादा निरोप वाटेंत हरवला असेल. दुसरा संगणक तोच क्रमांक पुन्हा पाठवितो, तिघांकडे नोंद होते, आणि मोबाइल वाजतो. पिशवी खांद्यावर घेऊन शेतकरी घराकडे वळतो; पेरणीची घाई असते.